जुनं मासेमारीचं रीळ पुन्हा फिरतं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या जुन्या ट्रंकेत पितळी रीळ सापडलंय. सगळ्यात आधी काय करू?

फोटो काढा. पुढून, मागून, पायाचा, मुठीचा, प्रत्येक स्क्रूचा. त्याखेरीज पहिल्या दिवशी काहीही करू नका. तेल सोडू नका, फडक्याने घासू नका, आणि अडकलेली मूठ जोर लावून फिरवू तर मुळीच नका. आत वाळलेलं वंगण लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. त्यावर जबरदस्ती केली की खटक्याची, म्हणजे रीळ फिरताना कटकट आवाज करत त्याला आवर घालणाऱ्या भागाची, नाजूक स्प्रिंग तुटते, आणि नंतरचं निम्मं काम त्या एका स्प्रिंगपायी वाढतं.

ते कुठलं आहे, किती जुनं आहे, हे कसं ओळखायचं?

आधी रचना बघा. मूठ थेट स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकतीवर, असेल आणि एका फेऱ्यात स्पूलचाही एकच फेरा होत असेल, तर ते बहुधा ब्रिटिश पद्धतीचं साधं रीळ. मूठ एकदा फिरवली की स्पूल तीन-चार फेरे घेत असेल, तर ते दातेरी चक्रांचं, अमेरिकन घराण्यातलं. केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी रिळं घडवली आणि तिथून ती परंपरा वाढली. स्पूल जागचा न हलता दोरीच त्याच्याभोवती गुंडाळली जात असेल, तर ते स्पिनिंग रीळ. त्याचा उगम १९०५ सालच्या इलिंगवर्थच्या रिळात आहे.

मग अक्षरं वाचा. आपल्याकडे जुन्या घरांतून जी चांगली ब्रिटिश रिळं निघतात, त्यांत हार्डी बंधूंचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमधल्या ॲनिक गावात १८७२ साली हे दुकान सुरू झालं. त्यांचं 'परफेक्ट' हे रीळ १८९१ मध्ये आलं, आणि छर्र्यांवर फिरणारा स्पूल हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. 'सायलेक्स' १८९६ चं. परफेक्टचं वय ठरवताना संग्राहक आतला खटका पाहतात. १८९६ चा खटका, १९०६ चा खटका, १९१२ चा खटका, अशीच त्यांची बोली आहे. म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी दोन रिळं उघडल्यावर वेगळ्या काळातली निघू शकतात. आतल्या बाजूला बऱ्याचदा कारागिराच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली असतात. ती पुसली जाणार नाहीत याची काळजी घ्या. त्या माणसाची तेवढीच सही उरलेली आहे.

आणखी एक जागा नीट बघा: पाय, म्हणजे रॉडवर बसणारी पट्टी. अनेक मालकांनी आपापल्या रॉडमध्ये बसावी म्हणून ती कानशीने घासून बारीक केलेली असते. दोन्ही टोकं सारखी, कडा मूळच्या असतील तर रीळ फारसं कोणी छेडलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

अशी रिळं भारतात इतकी का सापडतात?

महसीरमुळे. हिमालयाच्या पायथ्यापासून कावेरीपर्यंत ब्रिटिश अधिकारी, चहामळेवाले, रेल्वेतले इंजिनिअर आणि संस्थानिक या माशाच्या मागे होते, आणि त्यांची सामग्री विलायतेहून येत असे. म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी १९४६ साली धरलेला महसीर १२० पौंडांचा होता. अशा माशाला तोलून धरणारं रीळ हे खेळणं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि सामान इथेच राहिलं: क्लबच्या कपाटात, लिलावात, कधी खानसाम्याच्या घरी. मुंबईत पवई तलावावर गळ टाकणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, तिथल्या कुटुंबांतूनही अशी रिळं बाहेर येतात. कोकण-गोव्यात गरवायला जाणाऱ्यांकडे मात्र बहुधा नंतरची, समुद्राची अमेरिकन रिळं मिळतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पितळ चकचकीत करायचं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

पितळावरचा तपकिरी, मधासारखा रंग म्हणजे मळ नव्हे. तो धातूचाच शांत झालेला पातळ थर आहे आणि तो खालच्या धातूचं रक्षण करतो. तो यायला ऐंशी-शंभर वर्षं लागलेली असतात, जायला दहा मिनिटं पुरतात. शिवाय हार्डीसारख्या कारखान्यांनी बरीच पितळी रिळं मुळातच गडद करून विकली, कारण उन्हात चमकणारं रीळ माशाला बिचकवतं. म्हणजे आरशासारखं घासलेलं रीळ 'नव्यासारखं' दिसतं असंही नाही. ते नवं असताना तसं कधी नव्हतंच.

घरोघरी पितळेवर पहिला हात चिंचेकडे जातो. देवघरातल्या समईला ते ठीक आहे, कारण ती दर सणाला पुन्हा घासली जाते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल पृष्ठभागावरचं जस्त आधी खातं आणि मागे तांब्याची गुलाबी झाक उरते. कोरलेली बारीक अक्षरं बोथट होतात. स्क्रूच्या खाचांत शिरलेलं आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर आत काम करत राहतं.

अमोनियाचा वास येणारं पॉलिश त्याहून वाईट, आणि त्यामागची कहाणी थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. ब्रिटिश काळात भारतातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात साठवणीत असतानाच तडकू लागली. ती ठेवलेली असत तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते धातू फोडत होतं. याचा उलगडा १९२१ साली प्रसिद्ध झाला. रिळाच्या दाबून घडवलेल्या पट्ट्या आणि रिव्हेट ठोकलेले भाग अशाच ताणाखाली असतात. एकदा पॉलिश लावल्याने रीळ तडकेल असं मी म्हणत नाही, पण सांध्यांत अडकलेलं पॉलिश आणि चार महिने ओल, हा धोका कशासाठी पत्करायचा?

मग करायचं काय? हिरवा जंग दिसतो तेवढाच काढायचा. लाकडी टूथपिक, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, जुना मऊ टूथब्रश आणि भरपूर वेळ. तपकिरी थराला हात लावायचा नाही.

अल्युमिनियमच्या रिळावरचा काळपट करडा थर तरी काढावा का?

तोही नाही. तो कारखान्यातला मूळ लेप आहे आणि खरं मोल त्याचंच. पांढरी भुकटी धरलेली असेल ती मात्र काढा, कारण ती अल्युमिनियम खाल्लं जातंय याची खूण आहे.

काय काय हत्यारं लागतात?

फार नाही. पण पेचकस चांगले हवेत. बाजारातल्या साध्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं, निसटतं आणि शंभर वर्षं जपलेल्या स्क्रूचं डोकं बिघडवतं. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, आणि रुंदी-जाडी खाचेइतकीच. घड्याळजी आणि बंदूक दुरुस्त करणारे असे पेचकस वापरतात. स्वस्तातले दोन-तीन घेऊन तेलदगडावर प्रत्येक खाचेच्या मापाला घासून घ्या. बाकी व्हर्निअर कॅलिपर, भिंग, चिमटा, कडा असलेला ट्रे आणि स्क्रू वेगवेगळे ठेवायला गोळ्यांचा साप्ताहिक डबा.

गावातला जुना घड्याळजी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे जरूर जा. रीळ आणि घड्याळ यांची नाळ जुनी आहे. स्नायडरचं सांगितलंच. फ्रान्समधली मिचेल रिळं क्लूज या घड्याळाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात बनली, आणि स्वीडनच्या आबू कंपनीच्या नावातच घड्याळाचा कारखाना आहे. त्याला रीळ माहीत नसेल, पण अर्धा मिलिमीटरचा स्क्रू कसा धरायचा हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं.

स्क्रू हलतच नाही. आता?

थांबा, आणि आधी कारण ओळखा. पितळात पितळी स्क्रू असेल तर तो बहुतेक वाळलेल्या तेलाने धरलेला असतो. अल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू असेल तर दोन धातूंच्या मधे गंज बसलेला असतो, आणि हे प्रकरण जास्त हट्टी.

दोन्हींवर पहिला उपाय एकच. गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सुईने स्क्रूच्या कडेला द्या आणि रीळ झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच दिवस असं करायची तयारी ठेवा. त्यानंतर पेचकस खाचेत नीट बसवून त्याच्या मागे छोट्या हातोडीने हलके टिचके द्या. त्या कंपनाने तेल आट्यांत उतरतं. मग आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवा, नंतर सैल. पहिला सूतभर हालचालीचा क्षण मिळाला की पुन्हा तेल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. घाईने एकाच दिशेला ओढलेला स्क्रू मानेशी तुटतो.

तरीही नाही निघाला तर उष्णता. गॅसची ज्योत नव्हे! सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर एखादा मिनिट टेकवा. तापून थंड होताना दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि मधला गंज तडकतो. शेजारी सेल्युलॉइडची मूठ असेल तर ती आधी काढा. जुनं सेल्युलॉइड भडकन पेट घेतं.

कुठे उलटे आटे आहेत का हेही तपासा. मूठ किंवा मधला आस धरणारे काही स्क्रू मुद्दाम उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे रीळ फिरताना ते आपोआप सुटत नाहीत. कितीही जोर लावून सैल होत नसलेला स्क्रू आपणच घट्ट करत असतो, असं पुष्कळदा घडतं.

उघडताना काही उडून जाईल का?

छर्रे आणि स्प्रिंग. सुरुवातीच्या परफेक्टसारख्या रिळात छर्रे सुटे असतात, त्यामुळे तबकडी उचलताच घरंगळतात. काम खोल ट्रेमध्ये, तळाला पांढरा टॉवेल अंथरून करा. स्प्रिंगवर बोट ठेवूनच तिचा स्क्रू सोडा. मध्यभागी छोटा अडकाव-स्क्रू दिसला तर तो आधी ढिला करायचा, त्याच्याशी भांडून तबकडी फिरवायची नाही. प्रत्येक पायरीला फोटो.

साफ कशाने करायचं?

धातूच्या भागांना पांढरं स्पिरिट किंवा मिनरल टर्पेंटाइन. पूर्वी सगळे रॉकेल वापरत, आता ते सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. घट्ट झालेलं वंगण रात्रभर भिजत ठेवलं की सकाळी ब्रशने निघतं. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, स्वच्छ धुणं आणि लगेच कोरडं करणं. हेअर ड्रायर मंद आचेवर चालतो.

धातू नसलेल्या भागांसाठी नियम वेगळे. सेल्युलॉइडच्या पांढुरक्या मुठी ॲसिटोनमध्ये विरघळतात, त्यामुळे नेलपॉलिश रिमूव्हर टेबलावर ठेवूच नका. काळं एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते उन्हाने हिरवट-तपकिरी पडतं, आणि गरम पाण्यात बुडवलं तर आणखी फिकं होतं. बोटाने जोरात चोळून वास घ्या: गंधकासारखा आला तर एबोनाइट, औषधी फिनॉलसारखा आला तर बॅकेलाइट. शिंगाच्या मुठीला फक्त ओलसर फडकं.

चष्मेवाल्यांकडचं अल्ट्रासॉनिक यंत्र सुट्या पितळी भागांना उत्तम. लेप असलेले भाग, शिंग आणि दोरीच्या कडीचा अकीक दगड त्यात टाकू नयेत.

कोणतं तेल, कोणतं ग्रीस?

आसाला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. दातेरी चक्रं आणि खटक्याला पातळ ग्रीस, बोटावर घेतलं तर डाग दिसेल इतकंच. खोबरेल, तिळाचं किंवा कुठलंही खाद्यतेल नको. हवेने ते घट्ट होतं, आणि ज्या चिकट थरातून तुम्ही रीळ सोडवलं तोच थर पुन्हा तयार होतो. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि स्क्रू सोडवायला चांगलं, पण टिकाऊ वंगण म्हणून त्यावर विसंबू नका.

खटका वाजत नाही, किंवा एकाच बाजूने वाजतो.

स्प्रिंग थकली असेल किंवा खटक्याचं टोक झिजलं असेल. काही रिळांत खटका दोन्ही बाजूंनी सारखा असतो. तो उलटून बसवला की न झिजलेली बाजू कामाला येते, आणि पुढची कित्येक वर्षं निघतात. स्प्रिंग तुटली असेल तर जुन्या घड्याळाच्या मुख्य स्प्रिंगची पट्टी कापून नवी घडवता येते. जाडी मूळ तुकड्याइतकीच ठेवा. जाड स्प्रिंग खटक्याचे आणि चक्राचे दात खाते. त्या आवाजावर जीव असणारे लोक आहेत, मीही त्यांतलाच. पण आवाज मोठा करण्यासाठी स्प्रिंग वाकवणं म्हणजे चक्राचं आयुष्य खर्च करणं.

दोन-तीन छर्रे हरवलेत. सायकलच्या दुकानातले चालतील?

चालतील, माप जुळलं तर. ब्रिटिश रिळांतली मापं इंचांत असतात. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. ३ मिलिमीटरचा छर्रा डोळ्याला तसाच दिसतो, पण त्याच्यावर भार येतच नाही आणि बाकीचे झिजतात. उरलेल्यांपैकी दोन-चार छर्रे मोजा, आणि बदलायचे तर सगळे एकदम बदला. जुने डबीत जपून ठेवा.

स्क्रूंचंही तसंच आहे. जुन्या ब्रिटिश उपकरणांत अनेकदा बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असतात. ६ बीए स्क्रूचा व्यास २.८ मिलिमीटर, आणि तीन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू त्यात थोडा शिरतोही. तिथेच घात होतो. आट्यांचा कोन वेगळा असतो, त्यामुळे तो जोराने बसवला की मूळ भोकातले आटे कायमचे जातात.

दोरी जिथून बाहेर येते तिथली दगडी कडी तडकली आहे.

ती अकीकाची असते. तड आहे की नुसता दगडातला नैसर्गिक पट्टा, हे कळायला कापसाचा पुंजका आतून फिरवा. तंतू अडकले तर तड आहे, आणि ती दोरी कापेल. रीळ फक्त जपायचं असेल तर कडी तशीच राहू द्या. वापरायचं असेल तर नवी घडवता येते, आणि त्यासाठी विलायतेला जायला नको. गुजरातमधल्या खंबातला अकीक घासण्याची फार जुनी कारागिरी आजही चालू आहे. अचूक माप आणि मूळ कडीचा फोटो घेऊन जा.

मूठ हस्तिदंती वाटते. काही अडचण?

विकायची असेल तर मोठी अडचण. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि वस्तू जुनी आहे म्हणून सूट मिळत नाही. बहुतेक पांढऱ्या मुठी सेल्युलॉइडच्याच निघतात. भिंगातून आडव्या कापाकडे बघा: एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसली तर ते हस्तिदंत.

माझ्याकडचं रीळ इतकं जुनं नाही. पेन किंवा मिचेल आहे. हेच सगळं लागू पडतं का?

बरंचसं. पेन कंपनी १९३२ ची, फिलाडेल्फियाची, आणि तिचं सेनेटर १९३६ पासूनचं. कोकणच्या किनाऱ्यावर ती अजून कामावर दिसतात. इथे शत्रू वय नव्हे, मीठ. बॅकेलाइटच्या बाजू ठिसूळ असतात, त्यामुळे त्यातले स्क्रू शेवटी फक्त टेकतील इतकेच आवळायचे. ब्रेकच्या जुन्या वायसर काढून कार्बन फायबरच्या घालायला मी आनंदाने सांगेन, कारण ते झिजणारेच भाग आहेत आणि रीळ रोजच्या वापरातलं आहे. मूळ वायसर पिशवीत जपा. पेनचे सुटे भाग शोधणं सोपं जातं: भागाच्या क्रमांकात मॉडेलचा आकडा जोडलेला असतो, म्हणून तो क्रमांक मिळाला की नेमका भाग मागवता येतो.

मूळ भाग कुठेच मिळत नाही. नवा घडवला तर रिळाची किंमत जाते का?

लपवून बसवला तर जाते. चांगला टर्नर लेथवर पितळी मूठ किंवा आस सहज काढून देतो. नव्या भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला साल कोरून घ्या, आणि तुटलेला मूळ भाग रिळासोबतच ठेवा. नवा भाग जुन्यासारखा काळवंडवण्याची घाई नको. दोन पावसाळे गेले की आपणच रंग धरतो.

त्यावर खरंच मासे धरता येतात?

येतात, आणि धरावेत. गोड्या पाण्यात, हलक्या माशांना. फक्त नायलॉनची दोरी थेट स्पूलवर ताणून गुंडाळू नका. ताणलेलं नायलॉन आकसताना स्पूल आवळतं, आणि एबोनाइट किंवा बॅकेलाइटचा स्पूल त्याने फुटू शकतो. ही जुनी रिळं रेशमी दोरीसाठी बनली होती. खाली आधी सुती किंवा डेक्रॉनच्या (पॉलिएस्टरच्या) दोरीचे थर द्या. जुनी रेशमी दोरी अजून रिळावर असेल तर ती उतरवून ठेवा, ती ओल धरून खालचा धातू खाते.

पावसाळ्यात कसं ठेवायचं?

चामड्याच्या मूळ पेटीत नाही. पेटी कितीही सुंदर असली तरी चामडं ओल धरतं, आणि त्यातल्या आम्लाने पितळावर हिरवा थर चढतो. पेटी वेगळी, रीळ वेगळं. रिळाला तेलाचं फडकं फिरवून सुती कापडात गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवा. ब्रेकचा स्क्रू पूर्ण ढिला सोडा, म्हणजे वायसर चिकटत नाहीत.

परदेशातला एक संग्राहक चांगली रक्कम देतोय. पाठवू का?

आधी वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कारागिरीच्या वस्तूही येतात, आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९१२ च्या खटक्याचं परफेक्ट आता त्या रेषेपलीकडे गेलं आहे. पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू दाखवून लेखी मत घ्या. देशातच विकायचं असेल तर ही अट नाही. तेव्हा काय काय बदललं, कोणता भाग नवा आहे, हे घेणाऱ्याला लिहून द्या, आणि पहिल्या दिवशी काढलेले फोटोही सोबत द्या.